लाथ आणि भार

माझ्या जन्माच्या वेळी आधी माझे पाय जगात आले आणि बाकीची मी बऱ्याच वेळाने आले. मधल्या वेळात सुईण देवाचं नाव घेत होती आणि माय वडिलांकडच्या एकेका माणसाचं नाव घेत होती, ते वेगळ्या कारणाने. असं पायांकडून आलेलं मूल म्हणजे पायाळू. पायाळूच्या पायाला गुण असतो, हे आमच्या खानदेशात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. वाकताना कंबरेत चमक निघाली, उसण भरली, माणूस कमानीसारखा वाकून राहिला, की त्याला पायाळूपुढे उभं करायचं. पायाळूने पाठीवर लाथ मारायची. उसण गेली तर पायाळूचा गुण, नाही गेली तर माणसाचं नशीब. पुढे मी सुरतेच्या मराठी शाळेत मास्तरीण झाले, अनेक अभ्यासक्रम आले नि गेले ते पाहिले. पण इतक्या कमी शिक्षणात इतका मान देणारा दुसरा व्यवसाय मला आढळला नाही.

आम्ही सुरतेजवळ भेस्तानला राहायचो. खोली एकच, आणि तिची मागची भिंत लूमच्या खात्याची. खातं म्हणजे मागांचा कारखाना. भिंतीपलीकडे माग चालायचे आणि भिंतीअलीकडे आम्ही. मांडणीवरची पितळी भांडी दिवसभर बारीक थरथरत असायची, पाण्याच्या घागरीत गोल गोल वर्तुळं उठायची, आणि माय भाकरी थापायची ती मागाच्या ठेक्यावर. तिला स्वतःला हे कबूल नव्हतं. पण ज्या वारी वीज बंद असायची आणि खातं शांत व्हायचं, त्या दिवशी तिच्या भाकरी वाकड्या व्हायच्या आणि दुपारी कुणालाच डुलकी लागायची नाही. सगळी गल्ली ओट्यांवर येऊन बसायची आणि एकमेकांकडे संशयाने बघायची. बोलायचं तर सगळे ओरडूनच बोलायचे, वीज असो वा नसो. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते तर 'मीठ दे' हेसुद्धा असं म्हणायचे की चौथ्या घरातली बाई मीठ घेऊन उठावी. मागावर काम करणाऱ्या माणसाचा आवाज असाच असतो, असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्या घरात आजही सगळे मोठ्यानेच बोलतात, आणि माझी सून म्हणते की मी टीव्ही फार मोठ्याने लावते. ती कतारगामच्या शांत घरातून आलेली आहे, तिला सवय नाही.

तर पाळी सुटली की माझे रोगी यायचे. धुळ्याकडचे, जळगावकडचे, अंमळनेरचे, सगळे कारीगर. दिवसभर मागावर वाकून तुटलेल्या तारा, म्हणजे धागे, जोडायच्या म्हटल्यावर उसणीला काय तोटा? माणूस दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून पाठमोरा उभा राहायचा, मला कुणीतरी पाटावर चढवायचं, आणि तो मान न वळवता म्हणायचा, "इमल, मार वं माय एक." माझं नाव विमल, पण खानदेशात 'वि' ला कोण विचारतो? मी मारायची. माणूस "अय माय!" करून ओरडायचा, जमलेले हसायचे, तोही हसायचा, आणि हसता हसता बऱ्याचदा सरळ व्हायचा. मोबदला घ्यायचा नाही, घेतला तर गुण जातो. मात्र खमण किंवा केळी आणली तर गुण जात नसे. शेजारचे भिलाभाऊ आबांच्या लगतच्या मागांवर होते. अंगाने दांडगे, गावाकडे आखाड्यात दोन-चार वर्षं माती अंगाला लावलेली. ते स्वतःला या शास्त्रातले जाणकार समजायचे. त्यांचं मत पक्कं होतं. "माणूस वरडनाच नही, ते उसण निंघी कशी?" ते म्हणायचे. म्हणजे ओरडण्यावरून गुण मोजायचा. गल्लीचं सगळ्या बाबतीत असंच होतं. ठेचा खाऊन नाकातून पाणी आलं तर तो ठेचा, नाहीतर ती चटणी.

माझा व्यवसाय बंद पडला तो मी मोठी झाले त्या दिवशी. मायने दारातच जाहीर केलं, "पोरनं वय व्हयनं. आते लाता बंद." तिला म्हणायचं होतं की वयात आलेल्या मुलीने परक्या पुरुषाच्या पाठीला पाय लावणं शोभत नाही. लहान होते तोवर ते शोभत होतं. गल्लीने हळहळ व्यक्त केली. काही जण तर वाकडे होऊन आले आणि वाकडेच परत गेले. मी नववीत होते. मला वाईट वाटलं की सुटल्यासारखं वाटलं, हे आता सांगता येणार नाही. पण शाळेत जाताना माझ्या पायांकडे कुणी आदराने बघेनासं झालं, हे मात्र माझ्या लक्षात आलं होतं.

आणि मग आबाच आडवे झाले. सकाळची पाळी करून आले, ओट्यावर बसले, जोडा काढायला वाकले आणि तसेच राहिले. मायने आधी हाक मारली, मग हात लावला, मग त्यांना उचलून आत घ्यावं लागलं. भिलाभाऊंनी एका बाजूने धरलं, मायने दुसऱ्या. आबांचा चेहरा घामाने भिजला होता. माय माझ्याकडे वळली. बंदी तिनेच घातली होती, तिनेच उठवली. "बाप शे तुना. बापले चालस." बातमी पसरायला भिंती पातळ होत्या. दार भरलं, खिडकी भरली. आबांना कसंबसं चौकटीला उभं केलं. मी आता पाटावर चढण्याएवढी लहान नव्हते. सगळी गल्ली बघतेय, घरातली अब्रू आणि माझ्या पायाची अब्रू एकाच जागी आलीय, असं वाटून मी आजवर कुणाला मारली नव्हती अशी लाथ मारली. आबा ओरडले. असे ओरडले की भिलाभाऊंनी समाधानाने मान हलवली. गर्दी पांगली. आबा मात्र चौकटीवरून खाली घसरले आणि पुढे कितीतरी दिवस स्वतःच्या बळाने उठले नाहीत.

पायाळूचा पाय हरल्यावर बाकीच्यांना रान मोकळं झालं. भिलाभाऊंनी आबांना पालथं घालून पाठीवर गुडघा दिला. कुणी लाटणं फिरवलं. कुणी दोन पोरांना पाठीवर चालवलं. नवसारीकडून आलेल्या एका पाहुण्याने गरम वीट आणली. तो कोणाचा पाहुणा होता हे शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक वेळी आबा ओरडायचे, प्रत्येक वेळी उपचार करणारा खूश व्हायचा, आणि प्रत्येक वेळी पाठ आणखी घट्ट व्हायची. हात लावला तर कमरेच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या बसवल्यासारख्या लागत. शेवटी मायने त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि म्हणाल्या, "हड्डी ठीक है. आराम करो. और इनके ऊपर कोई चढ़ो मत." सगळ्यांत शहाणं वाक्य तेच होतं. पण त्या बाईंनी पाठ दाबली नाही, आबा ओरडले नाहीत, म्हणून गल्लीने तो सल्ला विचारात घेतला नाही.

खात्याचा मास्टर, म्हणजे मागांवरचा मुकादम, एकदा येऊन दारातूनच बघून गेला. माणूस वाईट नव्हता. त्यालाही वर शेठ होता. "आखाजी तक रखूंगा," तो मायला म्हणाला, "बाद में दूसरा कारीगर चढ़ाना पड़ेगा." आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमचा सगळ्यांत मोठा सण, आणि तो तोंडावर आला होता. आबांचे माग दुसऱ्याकडे गेले की खोली जाणार, कारण खोली खात्याची. मग गावी काकांच्या ओसरीवर जाऊन राहायचं, ज्या काकांशी भांडून आबा सुरतेला आले होते. आणि माझी शाळा तिथेच संपणार. काकांनी माझ्यासाठी एक स्थळही बघून ठेवल्याचा निरोप आला होता. मुलगा चांगला आहे, बैलजोडी आहे, असं त्यात होतं. बैलांबद्दल जास्त सांगितलं होतं. मी भिंतीला कान लावून माग ऐकत बसायची आणि मनात म्हणायची, देवा, मला हा आवाज सोडून जायचं नाही. मला सुरत सोडायची नाही. हे मी कुणाजवळ बोलले नाही, कारण आबा वेदनेने तळमळत असताना मुलीने शाळेचा विचार करावा, हे मला स्वतःलाच बरं वाटत नव्हतं.

अशा वेळी कामरेजहून फुई आली. फुई म्हणजे आत्या, आबांची थोरली बहीण. कामरेजच्या बाजूला उसाच्या शेतावर तिचा संसार होता आणि आसपासच्या गावांतल्या बाळंतिणी चोळणं, तान्ह्या पोरांना न्हाऊ घालणं हे तिचं काम होतं. बाई बुटकी, रुंद, सकाळी मिशरी लावल्याशिवाय कुणाशी बोलायची नाही आणि लावल्यावर कुणाला बोलू द्यायची नाही. मायचं आणि तिचं कधीच पटलं नाही. वरणात हिंग किती घालायचा यावरून त्या दोघी एकदा वर्षभर अबोला धरून होत्या. तिने आल्या आल्या आबांची पाठ उघडी करून पाहिली. पाठ निळी-काळी झाली होती. "याना पाठवर कोन कोन बठनं व्हतं?" तिने विचारलं. "याले काय पाटा समजनात का तुम्ही?" दारात उभे असलेले भिलाभाऊ काहीतरी काम आठवून निघून गेले.

मग तिने जे सुरू केलं त्याने मायची झोप उडाली. तिने आबांना बाळंतिणीसारखं ठेवलं. खोलीच्या कोपऱ्यात साडीचा पडदा बांधला. आत जमिनीवर गोधड्यांची घडी, तिच्यावर आबा पालथे. कानाला फडकं. शेजारी शेगडी, शेगडीत ओव्याची धुरी. जेवायला डिंकाचा लाडू, शेपूची भाजी आणि मऊ खिचडी, ठेचा बंद. "बाई, माणूसले बायंतीनसारखं चोयतस का कोठे?" माय म्हणाली. फुई म्हणाली, "मांस बाईनं येगळं आनि माणूसनं येगळं ऱ्हास का?" त्यावर मायच्या आधी गल्लीच बोलली. खिडकीतून आवाज यायचे, "वहिनी, काय व्हयनं? आंडोर का आंडेर?" म्हणजे मुलगा झाला की मुलगी. आबा पडद्याआड डोळे मिटून पडायचे. मला इतकी लाज वाटायची की मी पाणी भरायला दूरच्या नळावर जायची. आज वाटतं, आबांनी त्या दिवसांत जे सोसलं त्यात पाठीचा वाटा अर्धाच असावा.

फुईने पहिले काही दिवस पाठीला हातच लावला नाही. तळपाय, पोटऱ्या, मांड्या, मग कुल्ले, मग खांदे आणि मानेचा खालचा भाग. तिळीच्या तेलात लसूण आणि ओवा जाळून ती ते कोमट करायची. मी शेजारी तेलाची वाटी धरून बसायची, म्हणून मला दिसलं. ती दाबत नव्हती. हात ठेवायची, कधी कोपर ठेवायची, हळूहळू अंगाचा भार त्यावर सोडायची आणि मग काहीच करायची नाही. नुसती बसून राहायची. कधी तेवढ्यात मायला हिंगाबद्दल काहीतरी सुनवायची. बऱ्याच वेळाने आबांचा श्वास बदलायचा, कोपर आपोआप थोडं आत जायचं, आणि ती पुढच्या जागी सरकायची. कुठे आबांनी दात आवळले, मूठ वळली, तर ती लगेच भार कमी करायची. पाठीला हात लावायचा दिवस आला तेव्हाही तसंच. आणि या सगळ्यात आबा एकदाही ओरडले नाहीत. बाहेर ओट्यावर मंडळी कान देऊन बसलेली असायची. खात्याची वीज बंद असण्याचा वार होता त्या दिवशी तर फारच शांत होतं. कुणीतरी म्हणालं, "आवाज बंद व्हई गया ना भो. गया का काय?" भिलाभाऊंनी पडद्याच्या फटीतून आत पाहिलं, आबांचं पोट खालीवर होताना दिसलं, आणि बाहेर जाऊन जाहीर केलं की अजून आहेत.

त्याच दुपारी फुईची बोटं भरून आली. तिचंही वय झालं होतं. कमरेच्या उजव्या बाजूची एक जागा काही सुटत नव्हती. तिने कपाळ पुसलं आणि मला म्हणाली, "इमल, ये. पाय धुई ये." माय चमकली. मीही चमकले. मी म्हटलं, "फुई, मी मारली होती लाथ. काही झालं नाही. उलट जास्त झालं." तोवर मला खात्री पटली होती की आबांना मीच मोडलं. फुईने त्यावर काही समजूत वगैरे घातली नाही. "लात मारू नको. पाय ठेव," ती म्हणाली. वर वलणीची दोरी होती, ती तिने मला धरायला लावली. एक पाय जमिनीवर, एक पाय आबांच्या कमरेवर. तिने माझी टाच हाताने धरून नेमकी जागा दाखवली. "आते भार सोड. हळू. समदा नको." मी सोडला. पायाखाली काहीतरी कडक होतं, गुठळीसारखं, आणि त्यात बारीक थरथर होती. आमच्या भिंतीला असायची तशी. खातं बंद होतं, भिंत शांत होती, आणि आबा थरथरत होते. मी घाबरून पाय उचलायला गेले. "उचलू नको," फुई म्हणाली. "कुत्रं भुकस तव्हय आपन पयतस का? उभी ऱ्हाय. थकी जाई ते."

मी उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. बाहेर कुणाची तरी सायकल गेली, मायने चुलीवरचं झाकण काढलं आणि ठेवलं. लाथ मारताना मला कधीच कुणाची पाठ कळली नव्हती. पाय लागायचा आणि परत यायचा, त्याच्या मध्ये कळायला वेळच नसायचा. आता तळव्याला आबा कळत होते. आधी ते मला वर ढकलत होते, सगळ्या बळाने, झोपल्या झोपल्या. मग ढकलणं कमी झालं. मग थरथर थांबली, पुन्हा सुरू झाली, आणि थांबली. मग माझा पाय खाली गेला, चिखलात जातो तसा, आणि मी काहीही जोर केलेला नव्हता. आबांनी एक लांब श्वास सोडला. आणि म्हणाले, "इमल, तुनं वजन वाढनं."

त्यात विशेष काही नव्हतं. पण मायच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. आबा हळू बोलले होते. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना हळू बोलताना ऐकलं नव्हतं. ते तसेच हळू, गोधडीत तोंड ठेवून बोलत राहिले. "माले आयकू येस नही," ते म्हणाले. "धोटाना आवाज बी येस नही. मी डोयावर काम करस." माग बिघडला, तार तुटली, आडवा धागा नेणारा धोटा अडकला, तर कारीगराला ते आधी आवाजावरून कळतं, मग डोळ्यांनी दिसतं. आबांचा तो आवाज गेला होता. म्हणून सगळी पाळी ते मान पुढे काढून, कंबर आवळून, अंगाचा कान करून मागांवर ओणवे उभे राहायचे. भिलाभाऊ म्हणायचे, तुझा बाप मागात डोकं घालून काम करतो, असा इमानदार माणूस नाही. ते इमान नव्हतं, ती भीती होती. बहिऱ्याच्या हाती माग राहत नाहीत. म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला हुंदका आला तो दाबता येईना. पाय मात्र मी काढला नाही.

फुईने वाकून त्यांच्या कानाच्या फडक्याशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "येडा, पाठले सांगं, बायकोले नही सांगं!" म्हणजे वेड्या, पाठीला सांगितलंस, बायकोला नाही सांगितलंस. माय चुलीपाशी बसून रडत होती. मग तिने डोळे पुसले आणि फुईला विचारलं, वरणात हिंग किती घालू? त्या दोघींच्या बाबतीत हे क्षमा मागण्याच्या फार जवळचं होतं. आबा झोपले. ते दिवे लागल्यानंतरही झोपलेलेच होते, आणि घोरत होते, आणि ओट्यावरची मंडळी ते घोरणं ऐकून आपापल्या घरी गेली.

आबा आखाजीच्या आधी उठले. आधी भिंतीला धरून, मग मायला धरून, मग कुणाला न धरता. कामावर जायच्या आदल्या संध्याकाळी मायने भिलाभाऊंना आत बोलावलं, पुढ्यात शेव-भाजी ठेवली आणि खरं काय ते सांगितलं. मला वाटलं, झालं, आता हे गल्लीभर होणार. भिलाभाऊंनी शेव-भाजी संपवली, बोटं चाटली, आणि म्हणाले, "मी शे ना बाजूले." दुसऱ्या दिवसापासून आबांच्या मागाचा आवाज बदलला की भिलाभाऊ आपल्या जागेवरून मागे न वळता त्यांच्या पोटरीला हलकीच लाथ मारायचे. डाव्या पोटरीला लाथ म्हणजे डावीकडचा माग, उजव्या पोटरीला म्हणजे उजवीकडचा. आबा पुढे कितीतरी वर्षं मागांवर उभे राहिले, ताठ पाठीने. मास्टरला शेवटपर्यंत एवढंच माहीत होतं की हे दोन खानदेशी एकमेकांना लाथा मारतात आणि कापड चांगलं काढतात. त्या आखाजीला घरी मांडे झाले. मी दाराच्या चौकटीला सणाचा झोका बांधला, आणि काकांना निरोप गेला की मुलीची दहावी आहे, बैलांनी थांबू नये.

आबा गेले, फुई गेली, भिलाभाऊही गेले. भेस्तानचं ते खातं पाडून तिथे आता गोदाम आहे. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आणि गेलं वर्षभर माझा उजवा खांदा आणि मान दुखते आहे. फळ्यावर लिहून लिहून झालं असेल, असं मी सगळ्यांना सांगते. सुनेने माझ्या वाढदिवसाला मला वेसूच्या एका पार्लरमध्ये नेलं. तिथे पाटीवर डीप टिश्यू मसाज असं लिहिलेलं होतं. सून म्हणाली, "मम्मी, आ थोडं दुखेल हां, पण बहु सारू." बहु सारू म्हणजे फार छान. मला बरं वाटलं. दुखेल म्हणजे उपचार चांगला असणार. माणूस भेस्तानमधून निघतो, भेस्तान माणसातून निघत नाही. आत मंद दिवा, कोपऱ्यात वाहणारं छोटं कारंजं, आणि मिझोरमकडची एक लहानखुरी मुलगी. तिने हातवारे करून विचारलं, प्रेशर? मी म्हटलं, "जोर से. पूरा जोर से."

तिने हाताचा पुढचा भाग माझ्या खांद्यावर ठेवला आणि काहीच केलं नाही. मला वाटलं, फसवणूक आहे. आता दाबेल, मग दाबेल, म्हणून मी वाट बघत राहिले, आणि खांदा आणखी आवळून धरला, तिला पुरेसं काम मिळावं म्हणून. ती तशीच थांबून राहिली. तिचा भार हळूहळू येत होता, चोरपावलाने. मी वर ढकलत होते आणि मला ते कळत होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की हे मी ओळखते. असाच पाय मी आबांच्या कमरेवर ठेवलेला आहे. आता मी खाली आहे, एवढंच.

मग कुठलीशी जागा सुटली. मी लांब श्वास सोडला, आणि उशीच्या भोकात तोंड असताना, कुणीही विचारलेलं नसताना, त्या परक्या मुलीला म्हणाले, "बेटा, मुझे सुनाई नहीं देता." किती हळू म्हणाले, ते मला माहीत नाही. वर्षभर मी मान पुढे काढून माणसांच्या ओठांकडे बघते आहे, नातवाच्या गोष्टीला अंदाजाने हसते आहे, टीव्हीचा आवाज वाढवते आहे. घरात हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तिचा हात खांद्यावर तसाच राहिला. ती काहीतरी म्हणाली. काय म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.